काय शिकवलं, ते लिहून द्या

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं, तेव्हा यशवंत स्टेडियमच्या परिसरात कोण आंदोलनाला येऊन बसलंय यावरून त्या वर्षी महाराष्ट्राला काय खुपतंय ते कळतं. अलीकडच्या अधिवेशनांत तिथे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलंमुलीही होती. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तरुणांना सरकारी कार्यालयांत किंवा खासगी आस्थापनांत काम शिकायला ठेवतात, आणि बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन मिळतं. सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढली. तीही संपू लागली तेव्हा मुलांनी मागितलं, आता आम्हाला कायम करा.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरून दोन तट पडले. काकांचं म्हणणं, सरकारने नोकरीचा शब्द दिलाच नव्हता. मामीचं म्हणणं, रिकाम्या खुर्च्यांवर बसवून कामं करून घेताना बरी चालली ही पोरं! मी हे वाचत होते जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये, माझीच इंटर्नशिप संपत आलेली असताना. मामीचं म्हणणं मला जास्त पटतं, पण दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही. या मुलांना कुणी काय शिकवलं?

माझा मामेभाऊ अशाच एका कार्यालयात होता. फोनवर विचारलं तर म्हणाला, "एंट्र्याच मारून राहिलो होतो नं ताई." शेवटी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर त्याचं नाव, कालावधी आणि काम समाधानकारक असल्याची एक ओळ. कोणतं सॉफ्टवेअर वापरलं, कोणत्या नोंदी सांभाळल्या, काय एकट्याने जमू लागलं, याचा एक शब्द नाही. हुशार पोरगा आहे तो. त्याने त्या काळात जे काही कमावलं, ते त्या कागदाने पुसून टाकलं, याचा मला खरंच राग येतो.

इथे माझ्या इंटर्नशिपमध्ये पहिल्याच आठवड्यात एक आराखडा हातात पडला: कोणत्या विभागात किती दिवस, कुणाच्या हाताखाली, काय शिकायचं. एक ज्येष्ठ अभियंता माझ्यासाठी जबाबदार होते. कामाचं त्यांचं ओझं कमी नव्हतं, तरी माझ्या चाचण्यांचे आकडे ते माझ्यासोबत बसून तपासायचे. निरोपाआधी त्यांनी मी कुठे कच्ची आहे ते तोंडावर सांगितलं, आणि मग कामाचा सविस्तर दाखला दिला. नोकरदाराला आणि शिकाऊ कामगाराला असा दाखला मागायचा हक्क इथे कायद्याने आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येणाऱ्या माझ्यासारख्यांनाही तो देण्याची रीत पडली आहे.

इथलं सगळंच सोन्याचं नाही. किमान वेतनाचा कायदा २०१५ मध्ये तासाला ८.५० युरोंवर सुरू झाला आणि २०२५ मध्ये १२.८२ युरोंवर गेला, पण अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यातून वगळलेली आहे. मला मिळणाऱ्या पैशांत स्टुटगार्टचं घरभाडं जेमतेम निघायचं. घरून मदत नसलेल्या विद्यार्थ्याने काय करावं, याचं उत्तर या देशानेही दिलेलं नाही. म्हणून नागपूरच्या मुलांनी पैशांसाठी भांडूच नये, असं मी म्हणणार नाही. दहा हजारांत शहरात खोली घेऊन राहून दाखवा.

पण दाखल्याचा मुद्दा मला पैशांइतकाच मोठा वाटतो, आणि त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने स्टुटगार्ट ज्यात येतं त्याच बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला १० हजार तरुण पाठवायचे ठरले. आपल्याकडे चर्चा झाली ती आकड्यांची, जर्मन भाषेच्या वर्गांची आणि पोरं बाहेर गेली तर इथे कोण राहील याची. इथे आल्यावर मात्र इलेक्ट्रिशियनची किंवा नर्सची पात्रता तपासताना तिची इथल्या शिक्षणाशी तुलना होते. जिथे शिक्षण कमी पडतं, तिथे कामाचा अनुभव धरला जातो, पण तो कागदावर सिद्ध करावा लागतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात वर्षभर राबलेल्या मुलाकडे एका ओळीचं प्रमाणपत्र असेल, तर तो अनुभव मोजणार कसा? आणि परदेश कशाला, नागपूरच्याच मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीतही मुलाखतीत हेच विचारतात.

आपल्याकडे कायदाच नाही असंही नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, त्यात करार नोंदवावा लागतो. आता पदवीच्या अभ्यासक्रमातही ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. पण कॉलेजांत ते कसं उरकतं, हे नागपुरात कुणाला वेगळं सांगायला नको. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणला की झालं.

युवा कार्य प्रशिक्षणात हे बदलणं तुलनेने सोपं आहे, कारण पैसे सरकार थेट मुलांच्या खात्यात टाकतं. कार्यालयाला किंवा आस्थापनेला माणूस फुकट मिळतो. त्या बदल्यात त्यांच्याकडून दोन कागद घ्या: रुजू होताना काय शिकवणार त्याचा, आणि जाताना काय शिकवलं त्याचा, शिकवणाऱ्याच्या नावानिशी. जे देणार नाहीत, त्यांना पुढचा प्रशिक्षणार्थी देऊ नका. येत्या अधिवेशनात कुणी मोर्चा काढणार असेल, तर निवेदनात ही मागणीही घाला. मामेभावाला मी तेच सांगितलं आहे. निवेदनाचा मसुदा तो लिहिणार आहे.