फोन मराठीत आहे, तर साइट तेलुगूत का उघडते?

आज सकाळी आईचा फोन आला. आवाज एवढासा झालेला. "अगं, माझ्याकडून काहीतरी भलतंच दाबलं गेलं बघ. सगळं तेलुगू झालंय."

आई सध्या दादाकडे हैदराबादला आहे. काल तिचं रक्त तपासायला दिलं होतं, तीन महिन्यांची साखर बघायची होती. आज लॅबचा मेसेज आला, तिने रिपोर्टची लिंक उघडली आणि अख्खं पान तेलुगूत. दादा-वहिनी कामावर, भाचा शाळेत. घरात ती एकटी. तिचा फोन मराठीत आहे, मीच करून दिलाय, कीबोर्डसकट. ब्राउझरही मराठीत. त्या फोनवर घड्याळापासून अलार्मपर्यंत सगळं मराठी दिसतं. आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला वाटतंय की चूक आपलीच झाली.

तिचं काहीही चुकलं नव्हतं. साइटने तिचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, पाहिला, त्यावरून हैदराबाद काढलं आणि हैदराबाद म्हणजे तेलुगू असं ठरवून टाकलं. माणूस कुठे बसलाय यावरून त्याला काय वाचता येतं हे ठरवायचं, हे कुणाच्या डोक्यातून येतं? लेकाकडे गेलेली आई, बदलीवर गेलेला बँकवाला, पुण्यात शिकायला आलेली तेलुगू मुलगी, बेळगावातला मराठी माणूस, यांना या हिशेबात जागाच नाही. त्या तेलुगू मुलीला पुण्यात बसून तेलुगूच मिळायला हवं, हेही मी तितक्याच जोराने सांगेन.

मी साइट बनवण्याच्याच धंद्यात आहे, म्हणून राग जास्त येतो. कारण अंदाज करायची गरजच नसते. ब्राउझर कुठलंही पान मागवताना सोबत एक ओळ पाठवतो. ॲक्सेप्ट-लँग्वेज म्हणतात तिला. त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं, आधी मराठी, ती नसेल तर इंग्रजी, आणि पुढच्या भाषांना ०.९, ०.८ असे पसंतीचे आकडेसुद्धा. हे काल-परवाचं नाही, ब्राउझर आणि साइट एकमेकांशी कसं बोलतात ते ठरवणाऱ्या एचटीटीपीच्या १९९७ च्या नियमावलीत आहे. म्हणजे आईच्या फोनने लिंक उघडताक्षणीच सांगितलं होतं, बाईंना मराठी द्या. साइटने ती ओळ वाचलीच नाही.

आणि वाचणारेही अर्धवट वाचतात. फोन म्हणतो 'भारतातली मराठी', साइटकडे नुसती 'मराठी' असते, भाषांच्या या दोन खुणा (कोड) तंतोतंत जुळल्या नाहीत म्हणून पान सरळ इंग्रजीत. भारतातली मराठी नसेल तर साधी मराठी बघावी, तीही नसेल तर माणसाने दिलेल्या पुढच्या भाषेकडे जावं, ही पद्धत २००६ पासून लिहून ठेवलेली आहे. चार ओळींचं काम आहे. मी केलंय, म्हणून सांगते.

बरं, पुढचं ऐका. मी आईला म्हटलं, भाषा बदलायचं बटण शोध. तर ते बटण तेलुगूत. दादाच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावला, तिने त्याच्या कॅमेऱ्यासमोर आपला फोन धरला आणि मी इकडून अंदाजाने सांगत राहिले, वर उजवीकडे बघ, गोल पृथ्वीसारखं काही दिसतंय का. दिसलं. दाबलं. यादी उघडली, आणि यादीतली सगळ्या भाषांची नावं तेलुगू लिपीत. मराठी हे नावसुद्धा. ज्याला तेलुगू वाचता येत नाही त्याच्यासाठी ती यादी, आणि लिहिलीय तेलुगूत! मराठीचं नाव 'मराठी' असं, तमिळचं तमिळ अक्षरांत, उर्दूचं उर्दूत, एवढं करायला काय लागतं? काही जण नावाऐवजी झेंडे लावतात, हिंदीपुढे तिरंगा. मग मराठीपुढे काय लावणार? वेबचे नियम ठरवणारे डब्ल्यूथ्रीसीवाले सांगून सांगून थकले की झेंडा देशाचा असतो, भाषेचा नसतो.

शेवटी एकेक ओळ दाबून बघत मराठी सापडली. सापडली तर साइटने आईला मुखपृष्ठावर नेऊन टाकलं. रिपोर्टचं पान गेलं. पुन्हा मोबाइल नंबर, पुन्हा ओटीपी. भाषा बदलली तर तेच पान त्या भाषेत दिसावं, एवढी साधी गोष्ट. आई म्हणाली, "राहू दे गं, संध्याकाळी दादा आला की बघेल." माझ्या पोटात तुटलं. ही बाई सांगलीत वीजबिल स्वतः भरते, भिशीचा हिशेब फोनवर ठेवते. तिला कुणाची वाट बघत बसायची सवय नाही. स्वतःच्या साखरेचा आकडा बघायला तिला लेकाची वाट बघायला लावली त्या साइटने.

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणेल की मराठी माणसं स्वतःच फोन इंग्रजीत ठेवतात, मग साइटने काय करायचं. खरं आहे, ठेवतात. अशांना इंग्रजी दाखवा, वर ठळक 'मराठी' लिहा आणि एकदा निवडलं की लक्षात ठेवा. पण ज्यांनी मुद्दाम मराठी लावलीय त्यांचं तरी ऐका ना! आणि लोक मराठी लावत का नाहीत? लावून काही बदलत नाही म्हणून. मग मीटिंगमध्ये तक्ता दाखवतात, मराठी वापरणारे नगण्य. दिलीच नाही तर वापरणार कुठून? २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख माणसांनी मराठी ही मातृभाषा सांगितलीय. ती माणसं त्या तक्त्यात इंग्रजीच्या नाहीतर हिंदीच्या रकान्यात मोजली जातात.

हिंदीवरून आठवलं. "देवनागरीच आहे, हिंदी दाखवू, मराठी लोकांना कळतं." हे वाक्य मी मीटिंगमध्ये ऐकलंय, आणि दर वेळी भांडलेय. कळतं, हो. आईलाही कळतं. पण तिने फोनमधल्या भाषांच्या यादीत हिंदी लिहिलेली नाही. तिने मराठी लिहिलीय आणि मराठी नसेल तर इंग्रजी. तिसरी भाषा तुम्ही तिच्या वतीने कोण ठरवणार?

अर्धवट भाषांतर झालेली साइट मराठीत उघडून द्यावी का, हा प्रश्न अवघड आहे, एवढं मान्य. निम्मी बटणं मराठी, निम्मी इंग्रजी, तेही छळतंच. तरी मी म्हणेन, जे आहे ते द्या. ओटीपीचं बटण जरी मराठीत असलं तरी एका माणसाचं काम होतं.

करणारे करतात, हे सांगायलाच हवं. बेल्जियम सरकारची साइट बघा, पहिल्याच पानावर डच, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी, ज्याचं त्याने निवडायचं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून साइटची भाषा वेगळी आणि आत काम करणाऱ्या प्रत्येकाची वेगळी ठेवता येते. आमच्या ओळखीतल्या एका गावच्या वाचनालयाची साइट मी तशी लावून दिलीय. ग्रंथपाल काका आतलं सगळं मराठीत बघतात, मी इंग्रजीत, आणि वाचकाला साइट मराठीतच दिसते. काकांनी पहिल्यांदा स्वतःहून नवीन पुस्तकांची यादी चढवली तेव्हा मला किती बरं वाटलं, काय सांगू.

राज्य सरकारच्या साइटींचं तर वेगळंच. १९६४ चा राजभाषा कायदा आहे आपल्याकडे. तिथे ब्राउझरने काहीच सांगितलं नाही तर मराठी, यात चर्चेला जागाच नाही. खासगी कंपनीने आपल्या गिऱ्हाइकाप्रमाणे ठरवावं, पण गिऱ्हाइकाने सांगितलेलं आधी वाचून.

दुपारी लॅबच्या मदत-क्रमांकावर बोलले. पलीकडची मुलगी बिचारी चांगली होती, तिच्या हातात काही नव्हतं. तिने तक्रार लिहून घेतली. उत्तर आलं नाही तर उद्या लेखी पाठवणार आहे, आईच्या फोनचे स्क्रीनशॉट जोडून.

तुमच्यापैकी जे जे कंपन्यांत आहेत त्यांनी एकच करा. उद्या आपापल्या फोनवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मराठी सगळ्यांत वर ठेवा आणि आपल्याच कंपनीची साइट उघडा. साइटला मराठी असूनही ती मराठीत उघडली नाही, तर तिथल्या तिथे बग, म्हणजे साइटमधली चूक, नोंदवा. गंभीर म्हणून नोंदवा, 'नंतर बघू'च्या यादीत टाकू देऊ नका.