ईयोबाच्या बायकोला कुणी विचारलं का?

आज चर्चच्या उपासनेत मार्था-मरीयेवर संदेश झाला. छान झाला. मार्था पाहुणचारात राबत राहिली, तिची बहीण मरीया प्रभू येशूच्या पायाशी बसून ऐकत राहिली, तिने चांगला वाटा निवडला, वगैरे. उपासना सुटली आणि पुरुष मंडळी हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडून शास्त्राभ्यासाला बसली. आम्ही आत चहा गाळतोय! मीही एक खुर्ची ओढली, तर मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, म्हणाले, "ताई, लेकरू लहान आहे, कशाला डोक्याला ताप? आईपण हीच तुमची सेवा." सगळे हसले. मायेनेच हसले, म्हणून जास्त लागलं.

डोक्याला ताप! अहो, त्याच तापाने मला वाचवलंय.

तत्त्वज्ञानात एम.ए. केलेली मी, लेक झाल्यावर लस, लंगोट आणि नाचणीसत्त्व यापलीकडे कुणाशी काही बोलत नव्हते. विश्वास तर कॉलेजातच सुटला होता, चर्चला जायचे ते आईला बरं वाटावं म्हणून. लेक रात्र रात्र जागवायची. डॉक्टरांनी दुधाच्या वेळा लिहायला सांगितल्या होत्या, म्हणून उशाशी वही. वाचायला हाताशी आईचं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं ते ईयोबाच्या पुस्तकावर, देवभक्त असूनही संपत्ती, लेकरं, तब्येत सगळं गमावलेल्या माणसाच्या. त्या वहीत आजही आहे: "२.४०, डावीकडून, १५ मिनिटं." आणि खाली, वाकड्या अक्षरात, "ईयोबाच्या बायकोला नाव का नाही?"

ईयोबाचं दुःख सगळे सांगतात. दहा लेकरं तिचीही गेली ना? सबंध पुस्तकात तिच्या तोंडी एक वाक्य, देवाला शाप दे आणि मर असं नवऱ्याला सांगणारं, आणि तेवढ्यावरून प्रवचनांत ती कायमची मूर्ख. शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट मिळतं. मेंढरं सात हजारांची चौदा हजार, उंट तीन हजारांचे सहा हजार. लेकरं मात्र पुन्हा दहाच. मी वहीत चिडून लिहिलं होतं, "हिशेब फिटला का?" मग मांडीवर पाहिलं. लेकरांच्या बाबतीत देवाने दुप्पट केलं नाही, कारण गेलेली दहा त्याच्या मोजणीतून गेलीच नव्हती. पंडितांनी हे कधीच लिहून ठेवलं असेल. मला ते दूध पाजताना कळलं. त्या रात्री किती वर्षांनी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच.

मग वहीत दुधाच्या वेळा कमी आणि प्रश्न जास्त झाले. ईयोबाला नंतर झालेल्या लेकींची नावं मात्र पुस्तकात दिलीत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक, आणि बापाने त्यांना भावांबरोबर वतन दिलं. हे शब्बाथ शाळेत, चर्चच्या मुलांच्या वर्गात, कुणी शिकवलं होतं का तुम्हाला? मला नाही.

आणि आपण कुणाच्या नावाने मिरवतो? पंडिता रमाबाईंच्या. नवरा गेला तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्या पोरीला घेऊन बाई इंग्लंडला गेल्या, १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि नंतरही त्रैक्यापासून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) सगळ्यावर तिथल्या मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातला. पुढे हिब्रू-ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. आमच्या नगरकडच्या लक्ष्मीबाई टिळकही तशाच. नवऱ्याने, कवी नारायण वामन टिळकांनी, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत, स्वतःला पटेपर्यंत पाच वर्षं घेतली. महिला रविवारी यांची नावं घ्यायची आणि एरवी आमच्या हातात चहाची गाळणी?

चहा कुणीतरी करायलाच हवा, मान्य. आणि ते वडील वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात भर पावसात प्रार्थनेला आले होते, आल्याआल्या बाळाला हात लावायच्या आधी हात धुतले होते. हे लिहिता लिहिता राग निम्मा उतरलाय खरा. पण निम्माच. कारण आत गाळणी धरून उभी असलेली ती नवी सून, तिलाही रात्रभर जाग असते. तिच्याही मनात काहीतरी असणारच, आणि तिला कुणी वही दिलेली नाही.

तर बायांनो, गुरुवारी संध्याकाळी माझ्या घरी या. ईयोबाचे पहिले तीन अध्याय वाचून या, नाही जमले तरी या. लेकरं घेऊनच या, रडली तर रडू देत. पाळकसाहेबांना यायचं असेल तर त्यांनीही खुशाल यावं, फक्त पहिला अर्धा तास ऐकायचं.