साडू-साडूंचा ट्रेड

मंडळी, गुरुवारी रात्री साडेअकरापासून एका ट्रेडवरून, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीवरून, आमचा लीगचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटलाय. आज रविवार, २० जुलै २०२५. एकशे ऐंशी मेसेज झाले, त्यातले निदान तीस मला उद्देशून आहेत, म्हणून एकदाच इथे लिहितो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बारा जण डेट्रॉइटच्या आसपास राहणारे. सात मराठी, दोन तेलुगू, तीन ऑफिसातले अमेरिकन. सगळे मिळून फँटसी बेसबॉल खेळतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम बनवून त्यांच्या आकड्यांवर गुण मोजतो. संध्याकाळी अकरा खेळाडू निवडायचे आणि मॅच संपली की विसरून जायचं, तसलं हे नाही. मार्चमध्ये ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, होतो, सप्टेंबरअखेरपर्यंत तीच टीम सांभाळायची. बॅटिंगचे पाच रकाने, पिचिंगचे, म्हणजे चेंडू टाकण्याचे, पाच, प्रत्येक रकान्यात तुमचा नंबर कितवा त्यावर गुण. शिवाय आमची कीपर लीग आहे, म्हणजे चार खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात, आणि ते मायनर लीगमधले, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे, असले तरी चालतात. सगळं भांडण या शेवटच्या नियमातून उगवलंय.

झालं असं, की बाराव्या नंबरावरच्या गड्याने पहिल्या नंबरावरच्याला तारिक स्कूबल देऊन टाकला. सोबत एक क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणारा पिचर. बदल्यात घेतले केव्हिन मॅकगॉनिगल आणि मॅक्स क्लार्क. स्कूबल म्हणजे आमच्याच डेट्रॉइट टायगर्सचा डावखुरा पिचर. २०२४ मध्ये १८ विजय, २२८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), २.३९ ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं), एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. या मंगळवारच्या ऑल-स्टार सामन्यात अमेरिकन लीगकडून पहिला चेंडू त्यानेच टाकला. आणि ते दोघे? टायगर्सचेच, दोघंही वीस वर्षांचे, मेजर लीगचं मैदान अजून पाहायचंय.

वर देणारा आणि घेणारा सख्खे साडू.

तिसऱ्या नंबरावरच्याने ताबडतोब लिहिलं, "ही लीग आहे की सासुरवाडी?" मी हसलो, खोटं कशाला बोलू. मी दुसऱ्या नंबरावर आहे, थोरल्या साडूच्या, म्हणजे पहिल्या नंबरावरच्याच्या, साडेतीन गुण मागे. त्याच्याकडे स्कूबल गेला की स्ट्राइकआउट, ईआरए आणि व्हिप (दर डावामागे दिलेले हिट आणि फुकट बेस) या तिन्ही रकान्यांत माझं कंबरडं मोडतं. तेव्हा माझाही अंगठा आधी व्हेटोच्या, म्हणजे ट्रेड पाडायच्या मताच्या, बटणाकडेच गेला होता.

दाबलं नाही. का, ते सांगतो.

मार्च २०२१. ड्राफ्ट होऊन आठवडाही झाला नव्हता. मी ख्रिश्चन येलिच देऊन कॉर्बिन बर्न्स घ्यायचं ठरवलं. येलिच २०१८ चा एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, बर्न्स तेव्हा फक्त जाणकारांच्या तोंडात असलेला पिचर. लीगने मत टाकून ट्रेड पाडला. वर मला समजावलं, की अरे तू लुटला जातोयस, आम्ही तुला वाचवतोय. त्या वर्षी येलिचने ९ होमरन मारले, हो नऊ, आणि बर्न्सने २३४ स्ट्राइकआउट घेऊन साय यंग नेलं. मला वाचवणाऱ्यांपैकी एकानेही नंतर चहा पाजला नाही. हे मी चार वर्षं ऐकवतोय, अजून दहा ऐकवीन.

लोक म्हणतात, तुझी गोष्ट वेगळी, इथे उघड उघड साटंलोटं आहे. मग मी विचारलं, कशावरून? उत्तर एकच: एवढा वाईट ट्रेड कोणी शुद्धीत असताना करेल का? अहो, पण वाईट ट्रेड आणि लबाडीचा ट्रेड या दोन गोष्टी आहेत. लबाडी म्हणजे, "या वर्षी तुझे खेळाडू मला दे, सहाशे डॉलरचं बक्षीस आलं की तीनशे तुझे." तसं काही ठरलं असेल तर ट्रेडच काय, दोघांना लीगमधूनच काढा, पहिला हात माझा वर असेल. पण ते ठरवायचं तर निदान देणाऱ्याला विचारावं लागेल ना, की बाबा, का दिलास? एकशे ऐंशी मेसेजमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मी शनिवारी त्याच्या घरी जाऊन विचारला. धाकटा साडू गॅरेजमध्ये ग्रिल घासत होता. हात न पुसताच त्याने फोन काढला, त्याच्या काचेवर अजून काळा डाग असेल. फोनमध्ये नोट्सचं एक पान. वर स्कूबल, खाली त्याच्या डाव्या हाताचा इतिहास: कॉलेजात असताना टॉमी जॉन सर्जरी (कोपरातल्या अस्थिबंधाची), ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा त्याच हातावर शस्त्रक्रिया. "नोव्हेंबरात एकोणतीस पूर्ण होतील," तो म्हणाला. "मी या वर्षी बारावा. पुढच्या वर्षी फार तर आठवा. मी जिंकायच्या लायकीचा होईपर्यंत हा हात टिकेल का?"

मग दुसरं पान. जूनमध्ये लेकीला घेऊन हा सव्वादोन तास गाडी हाकत ग्रँड रॅपिड्सजवळ कॉमस्टॉक पार्कला गेला होता, वेस्ट मिशिगन व्हाइटकॅप्सची मॅच बघायला, कारण तेव्हा ही दोन्ही पोरं तिथे खेळत होती. लेक कॉटन कँडी खात होती आणि बाप मॅकगॉनिगलने कोणते चेंडू सोडले ते टिपत होता. "बॅट कधी फिरवतो ते कोणीही बघेल," मला म्हणाला, "कधी फिरवत नाही ते बघ." त्या पोराचे स्ट्राइकआउटपेक्षा वॉक, म्हणजे वाईट चेंडू सोडून मिळवलेले फुकट बेस, जास्त आहेत, मायनर लीगमध्येसुद्धा हे सहज दिसत नाही. क्लार्क २०२३ च्या ड्राफ्टमधला तिसरा, मॅकगॉनिगल सदतिसावा. या महिन्यात दोघांना एकदमच ईरीला, डबल-एमध्ये (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली), बढती मिळाली. याने ट्रेड केला तो त्यानंतर.

आता हे सगळं चुकीचं ठरू शकतं. मला स्वतःला वाटतं त्याने क्लोजर फुकट घालवला, एवढ्यात अजून एक बॅटर निघाला असता. पण ज्या माणसाने सव्वादोन तास गाडी चालवून खेळाडू पाहिला, त्याला खेळाडूतलं कळत नाही असं सोफ्यावर बसून म्हणायचं, हे मला जमणार नाही.

आमच्या लीगमधले सगळ्यात ज्येष्ठ सभासद जन्मापासून डेट्रॉइटचे. त्यांनी ग्रुपवर एकच ओळ टाकली: "१२ ऑगस्ट १९८७." बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं, म्हणून मी उलगडतो. त्या दिवशी टायगर्सनी छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर अटलांटाकडून घेतला आणि बदल्यात मायनर लीगमधला एक वीस वर्षांचा, मिशिगनमध्येच वाढलेला पोरगा दिला. अलेक्झांडरने उरलेल्या मोसमात नऊ सामने जिंकले, हरला एकही नाही, ईआरए १.५३. टायगर्स टोरोंटोला अखेरच्या वीकेंडला मागे टाकून विभागात पहिले आले. त्या सप्टेंबरात मत घेतलं असतं तर अटलांटाला लुटलं म्हणून ट्रेड रद्द करा, असं सगळं अटलांटा ओरडलं असतं. त्या पोराचं नाव जॉन स्मोल्ट्झ. २१३ विजय, १५४ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले सामने), १९९६ चं साय यंग, २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. आमचे ज्येष्ठ अजून त्या नावाला "आपला पोरगा" म्हणतात, आणि म्हणताना चेहरा बघण्यासारखा असतो. तर मला सांगा, न्याय कोणत्या तारखेला करायचा? १९८७ च्या सप्टेंबरात की १९९६ मध्ये?

"लीगच्या हितासाठी" हा शब्दप्रयोगही ग्रुपवर फार उडतोय. तो जुना आहे. जून १९७६ मध्ये ओकलंडचा मालक चार्ली फिनली याने जो रूडी आणि रॉली फिंगर्स बोस्टनला प्रत्येकी १० लाख डॉलरला विकले, व्हायडा ब्लू यँकीजना १५ लाखांना. बोस्टनची टीम तेव्हा ओकलंडमध्येच होती, रूडी आणि फिंगर्सनी नुसती ड्रेसिंग रूम बदलली आणि बोस्टनचा गणवेश चढवला. तीन दिवसांत कमिशनर बोई कून यांनी बेसबॉलच्या हितासाठी म्हणून सौदे मोडले. फिनली कोर्टात गेला, हरला. आणि मोसम संपल्यावर रूडी आणि फिंगर्स फ्री एजंट, म्हणजे करारातून मोकळे, होऊन चालते झाले, ओकलंडला दमडी मिळाली नाही. कून बरोबर की चूक यावर लोक अजून भांडतात. पण एक गोष्ट कबूल करा, कूनची स्वतःची टीम शर्यतीत नव्हती. आमच्याकडे व्हेटोला मत टाकलेले तिघे कोण? तिसरा, चौथा आणि पाचवा नंबर. सहाव्यापासून खाली कोणाला लीगचं हित आठवलेलं नाही.

एक आक्षेप मात्र मला पटतो. तळातल्याने जुलैमध्येच हत्यारं खाली ठेवून दुकान विकायला काढलं, तर पहिल्या तिघांची शर्यत नासते, आणि ज्याचा साडू तळात तो नशीबवान. खरं आहे. पण तो नियमाचा दोष आहे. मार्चमध्ये मीच सुचवलं होतं की ट्रेडची मुदत ३० जून करा आणि बाराव्या नंबराला दंड म्हणून पुढच्या ड्राफ्टचा सगळा खर्च करायला लावा. तेव्हा "कशाला रे एवढं, मजेसाठी खेळतोय" म्हणणारे कोण होते, ते त्यांनी आपापल्या फोनमध्ये वर स्क्रोल करून बघावं. खेळ सुरू असताना नियम बदलायचा नाही, हे आपण गल्लीत टेनिस बॉलने खेळतानाही पाळायचो. बॅटवाल्यासाठी सोडून, ते एक असो.

ज्याच्यापासून हे सगळं खूळ सुरू झालं, तो डॅनियल ओक्रेंट. १९८० मध्ये मॅनहॅटनमधल्या ला रोटिसरी फ्रान्सेज या रेस्टॉरंटवरून त्याच्या मित्रमंडळींच्या लीगला नाव पडलं. स्वतः ओक्रेंटने ती लीग कधीच जिंकली नाही. मला हे अधूनमधून आठवतं, विशेषतः दुसऱ्या नंबरावर असताना.

तर आत्ताची स्थिती: व्हेटोला तीन मतं, चौथं पडलं की ट्रेड मेला. मुदत उद्या रात्री नऊपर्यंत. दोन्ही साडूंनी ग्रुपवर लिहून द्यावं की पैशांची कुठलीही वाटणी ठरलेली नाही, एवढी मागणी मी केली. धाकट्याने पाच मिनिटांत लिहून दिलं. थोरल्याने अंगठा दाखवलाय, त्याने शब्दांत लिहावं, त्याच्याकडे स्कूबल येतोय, तेवढे कष्ट घ्यावेत.

चौथं मत माझं नाही. पुन्हा विचारू नका. आणि ज्यांनी मला "साडेतीन गुणांवर पाणी सोडणारा महात्मा" म्हटलंय, त्यांना सांगतो, मी आज सकाळीच सातव्या नंबरावरच्याला एका पिचरसाठी मेसेज टाकलाय. त्याची बायको आणि माझी बायको योगाच्या क्लासला एकत्र जातात, हे आधीच जाहीर करतो.