मालकंस दहानंतर कुठे गायचा?

डिसेंबर जवळ आला की पुण्यातल्या आमच्या मित्रमंडळींत एक वाद हमखास पेटतो. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला रात्री दहाची मर्यादा असावी की नसावी? काहींचं म्हणणं असतं की १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव रात्र रात्र रंगायचा, लोक पहाटेचे राग ऐकून घरी जायचे, आणि नियमाने ते सुख हिरावून घेतलं. बाकीचे डीजेच्या भिंतींनी पिडलेले. एकाला सवलत दिली की उद्या प्रत्येक मंडळ तीच मागेल, ही त्यांची भीती. मला दोघांचंही पटतं, म्हणून मी त्यात कधी पडलो नाही. यंदा सप्टेंबरात मात्र जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या रेपरबान फेस्टिव्हल या संगीत महोत्सवाला श्रोता म्हणून हिंडलो आणि वाटलं, आपण भलत्याच जागी अडकून बसलो आहोत.

हा महोत्सव २००६ पासून दरवर्षी शहराच्या सांक्ट पाउली भागात, रेपरबान या रस्त्याच्या आसपास भरतो. बुधवार ते शनिवार, दिवसा चर्चासत्रं आणि रात्री गाणं. अजून नाव न झालेल्या कलाकारांना अर्धा-पाऊण तास मिळतो. समोर तिकीट काढून आलेले श्रोते असतात, आणि त्यांच्यातच इतर महोत्सवांचे आयोजक, एजंट, रेडिओवाले, रेकॉर्ड कंपन्यांची माणसं उभी असतात. याला शोकेस म्हणतात. एकच मोठा मांडव असा नसतोच. चालत जाता येतील अशा अंतरावरचे क्लब, बार, थिएटरं आणि सेंट मिखाएलिसचं भव्य चर्चसुद्धा यात असतं. लिव्हरपूलहून १९६० साली आलेले बीटल्स याच भागात, ग्रोसे फ्रायहाइट गल्लीतल्या इंद्रा आणि कायझरकेलर या क्लबांत, रोज रात्री तासन्‌तास वाजवून तयार झाले.

एका तळघरातल्या क्लबात मी शिरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. छत इतकं खाली की उंच माणसाचा हात टेकावा. गाणारी मुलगी माझ्यापासून दोन हातांवर होती. मधेच गिटारची तार तुटली. नवी तार चढवता चढवता ती लोकांशी बोलत राहिली आणि कोणीही जागचं हललं नाही. वेळ संपताच तिने स्वतःच्या वायरी स्वतः गुंडाळल्या, कारण पुढचे लोक ड्रम घेऊन जिन्यात खोळंबले होते. बाहेर पडताना लागोपाठ दोन जड दारं लागली. दुसरं दार मागे बंद झालं तशी फुटपाथवर फक्त एक अस्पष्ट धमक उरली. वरच्या मजल्यावर लोक राहतात. खिडकीत कुंड्या होत्या, एका खोलीत दिवा मालवला जात होता.

आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही याला वाव आहे. दहा ते सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे ती उघड्यावर. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल, तर ती लागू होत नाही. उघड्यावर बारापर्यंतची सूट वर्षातून फार तर पंधरा दिवस मिळते, आणि आपली सगळी भांडणं त्या पंधरा दिवसांच्या वाटणीवरून चालतात. मालकंस आणि दरबारी हे मध्यरात्रीचे राग सवाईत साडेनऊला उरकावे लागतात, याचं मलाही फार वाईट वाटतं. पण त्यासाठी दवाखान्याशेजारी रात्रभर कर्णे वाजू द्यावेत, असं मी कधीच म्हणणार नाही. मध्यरात्रीचा राग मध्यरात्री गाता येईल अशा दीडशे-दोनशे जणांच्या, भिंतींनी आवाज धरून ठेवणाऱ्या खोल्या शहरात किती आहेत, ते आधी विचारायला हवं. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज काढला, कोल्हापुरात देवल क्लब आहे. जवळ बसून ऐकण्याची बैठक ही तर आपलीच रीत.

हॅम्बुर्गातही सगळं आपोआप टिकलेलं नाही. मोलोटोव नावाचा तिथला लाडका क्लब २०१३च्या डिसेंबरात इमारत धोकादायक ठरली म्हणून एका रात्रीत रिकामा करावा लागला. पुढच्या जागेतूनही त्याला हॉटेलच्या बांधकामासाठी निघण्याची नोटीस आली. हजारो लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे त्याला रेपरबानवरच नवी जागा मिळाली. जर्मनीच्या बांधकामाच्या कायद्यात संगीत क्लब जुगाराच्या आणि अश्लील सिनेमाच्या अड्ड्यांच्या रांगेत बसवलेले होते. त्यांना नाट्यगृहं-संग्रहालयांच्या रांगेत घ्या, असा ठराव जर्मन संसदेने केला तो २०२१च्या मे महिन्यात. त्यामागे क्लबचालकांच्या संघटनांची अनेक वर्षांची चिकाटी होती.

महोत्सवातल्या दिवसाच्या चर्चासत्रांत मला सगळ्यात भावलं ते पैशांविषयीचं उघड बोलणं. एका बॅण्डच्या व्यवस्थापिकेने दौऱ्याचा पूर्ण हिशेब पडद्यावर मांडला: गाडीचं भाडं, डिझेल, मुक्काम, ध्वनितंत्रज्ञ, कर आणि शेवटी प्रत्येकाच्या हाती उरलेली रक्कम. आकडा वाईट होता, पण तो सांगताना तिने मान खाली घातली नाही. जर्मनीत कलाकारांसाठी १९८३ पासून सामाजिक विम्याची सोय आहे. नोकरदारासारखाच कलाकार निम्मा हप्ता भरतो. उरलेला निम्मा कलाकारांकडून काम करून घेणाऱ्या संस्था आणि केंद्र सरकार मिळून भरतात. आपल्याकडे वृद्ध कलावंतांना मानधन आहे, ते हवंच. पण तिशीतल्या तबलजीला ताप आला तर त्याचं काय?

शोकेसचंही सगळं गोड नाही. पुढे कामं मिळतील या आशेवर कितीतरी कलाकार पदरमोड करून येतात आणि बहुतेकांना त्या रात्रीतून काहीच हाती लागत नाही. ‘आम्ही तुम्हाला व्यासपीठ देतो’ हे वाक्य मी पुण्यात ऐकलं, परदेशातल्या मराठी कार्यक्रमांतही ऐकलं. गणपतीत वाजवायला बोलावलेल्या एका मुलाने मानधन विचारलं तर कार्यकर्त्यांचे चेहरे पडले, आणि त्याच बैठकीत केटररचा आकडा विनातक्रार मंजूर झाला. मला ते फार लागलं. गाण्यावर प्रेम आहे म्हणायचं आणि गाणाऱ्याच्या घरभाड्याचा विषय निघाला की नजर चुकवायची, हे आता थांबायला हवं.

१९६८ साली उभ्या राहिलेल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. पाडायचं की जपायचं, यावर माझं मत जपण्याच्या बाजूने आहे. पण नवं काही बांधायचंच ठरलं, तर मोठ्या प्रेक्षागृहाच्या जोडीने दीडशे माणसांची एक भारतीय बैठकीची खोली आराखड्यात असावी. दुहेरी दारं, आवाज धरणाऱ्या भिंती, रात्री दोनपर्यंत परवानगी, तरुण गायकाला परवडेल असं भाडं, आणि रात्री घरी परतायला पीएमपीची एखादी बस.