शिट्टी आणि पट्टी

रोज सकाळी साडेसहाला मी गाडीचं बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी ओढतो, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसतो, परत घालतो, परत ओढतो आणि उजेडाकडं धरून बघतो. रंकाळ्याला फिरायला निघालेली गल्लीतली माणसं थांबतात. पहिल्या आठवड्यात ती "काय झालं ओ?" विचारायची. आता थेट "आज किती?" विचारतात.

गाडी जर्मन बनावटीची, अठराशे सीसी, टर्बो पेट्रोल. कंपनीचं नाव घेत नाही; घरातलं भांडण चौकात कशाला? नऊ वर्षांची ही गाडी मी पुण्याच्या एका गृहस्थाकडून घेतली. त्यानं ईसीयू रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, ताकद वाढवलेली होती. मी पतसंस्थेत वसुली खात्यात आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावरून कर्ज फिटणार की बुडणार हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. त्या गृहस्थानं चहा संपेपर्यंत चार वेळा "ऑइल मात्र चांगलं वापरा हं" असं बजावलं, तेव्हाच मी उठायला हवं होतं. पण त्यानं गाडी चालू केली आणि बॉनेटखालून एक बारीक, गोड शिट्टी आली. "टर्बो," तो नुसता एवढंच म्हणाला. मी चेक फाडला.

पुढचे दोन महिने ती शिट्टी मी कोल्हापूरभर ऐकवली. मेहुणा "नाद खुळा!" म्हणाला. ऑफिसातल्या शिपायानं डोळे मिटून ऐकली. सासऱ्यांनी बॉनेटला कान लावला आणि "कुकरचं वायसर बदला एकदा" एवढं बोलून ते पेपर वाचायला गेले. त्यांना गाड्यांतलं काही कळत नाही, असं मी तेव्हा बायकोला सांगितलं होतं. हे वाक्य पुढं महागात पडणार आहे.

मग एका रविवारी पुण्याहून येताना किणी टोलनाक्याच्या अलीकडं डॅशबोर्डवर ऑइलचा पिवळा दिवा लागला. पट्टी ओढली तर कोरडी ठणठणीत. खाली कुठं गळती नाही, पार्किंगमध्ये डाग नाही. म्हणजे ऑइल कुठं जात होतं? तर सायलेन्सरमधून, आकाशात.

वसुलीचा माणूस असल्यामुळं मी लगेच वही घातली. तारीख, किलोमीटर, किती मिली टाकलं. ऑइल मोजायचं तर गाडी सपाटीवर हवी, इंजिन गरम करून बंद केलेलं हवं आणि ऑइल खाली उतरायला चार-पाच मिनिटं द्यायला हवीत. आमची गल्ली उताराची. गाडीचं तोंड वर केलं की एक माप, खाली केलं की दुसरं. शेवटी देवळापुढची फरशी सपाट निघाली. तिथं रोज गाडी लावून मी पाच मिनिटं गप्प उभा राहायचो, त्यामुळं गुरवाचं माझ्याबद्दलचं मत फार चांगलं झालं. महिन्याभरानं वहीतला आकडा आला : हजार किलोमीटरला नऊशे मिली. गाडीच्या पुस्तकात हजाराला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं छापलंय. बायकोनं दुसरा हिशोब काढला. "ह्या एका लिटरच्या पैशात आपला गोडेतेलाचा पाच लिटरचा डबा येतो. तो निदान भज्याला तरी लागतो."

गाडी ऑइल खाते ही गोष्ट कोल्हापुरात झाकून राहत नाही. शेजारचे आण्णा म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्या. भाजीवाल्याचा पोरगा म्हणाला, वॉल्व्ह सील, म्हणजे वॉल्व्हच्या दांड्यावरनं ऑइल आत गळू न देणारी रबरी टोपी. मेहुण्याचा एक दोस्त गाडी न बघताच, फोनवर, "भावा, टर्बो गेला की!" म्हणाला. नवीन टर्बो सव्वा लाख, रिबिल्ड पस्तीस हजार, हेही त्यानंच सांगितलं. त्या रात्री मी टर्बोबद्दल मिळेल ते वाचून काढलं. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम हवेवर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं इंजिनात जादा हवा कोंबायची. फुकटातली ताकद. कोल्हापूरकराला पटावी अशीच कल्पना. पण तो दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, हे वाचल्यावर झोप उडाली.

धूर बघून दुखणं ओळखता येतं म्हणतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, तोही गोडसर वासाचा, म्हणजे कूलंट. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळा धूर सकाळी चालू करताना भसकन येऊन गेला तर वॉल्व्ह सील, जोर लावताना सतत येत राहिला तर रिंगा. उतारावर पाय काढून परत ॲक्सिलरेटर दिल्यावर आला तर परत वॉल्व्ह सील, नाहीतर टर्बो. तेवढ्यासाठी आम्ही पन्हाळ्याला गेलो. मी गाडीत आणि मागं मोपेडवर मेहुणा, त्याच्या मागं भाचा मोबाइल धरून बसलेला. वीस किलोमीटर जाऊन, घाट चढून-उतरून, शूटिंग करून आलो. घरी मोठ्या टीव्हीवर लावलं तर सगळीकडं निळा धूर. गाडीच्या मागं, पुढं, रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीवर. गुऱ्हाळांचा हंगाम चालू आहे हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. व्हिडिओत माझी गाडी गूळ करत निघाल्यासारखी दिसते.

शेवटी उद्यमनगर, आमची वर्कशॉपांची वस्ती. इथं न दुरुस्त होणारी वस्तू अजून जन्माला यायचीय असा आमचा समज आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांमागं सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, तिथं टर्बोची काय कथा? मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"किती पितीया?"

"हजाराला नऊशे."

"मग लय न्हाय. आमच्या गल्लीत माणसं पित्यात की."

आधी त्यांनी चारी प्लग काढले आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजलं. रिंगा गेल्या असतील तर हा दाब पडतो. मीटरचा काटा चढताना मी खासबागेत कुस्ती बघावी तसा गुडघे टेकून बसलो होतो. एकशे सत्तर, एकशे बहात्तर, एकशे अडुसष्ट, एकशे सत्तर. चौघंही तालमीतले. रिंगांचा विषय संपला. आण्णांना हे मी त्याच दिवशी कळवलं, त्यांना वाईट वाटलं.

मग टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला. आत ॲल्युमिनियमचा छोटा पंखा, मधोमध एक नट. मिस्त्रींनी तो नट अंगठा आणि तर्जनीत धरला, चिमटीत कुंकू धरावं तसा. वर-खाली हलवला. किंचित हलला. माझ्या पोटात सव्वा लाख हलले. "एवढी चाल असतीया. ऑइलवर तरंगतोय न्हवं त्यो," ते म्हणाले. मग आत-बाहेर ओढून बघितला. तो जागचा ढिम्म. पाती भोवतालच्या कवचाला घासलेली नव्हती. त्यांनी पाइपमध्ये बोट फिरवून माझ्यापुढं धरलं. काळपट, चकचकीत ऑइल.

"म्हणजे टर्बोच ना?"

"मिसळीवर कट असतोय म्हणून मिसळ नासली काय? ह्यो नुसता कट हाय. वाटीभर साठलं असतं तर येगळं. आनि हे टर्बोचं कशावरनं? इंजिनातली वाफ आननारी ब्रीदरची नळी हितंच येतीया."

माझ्या खिशात रिबिल्डचे पस्तीस हजार होते. वसुलीतल्या माणसाच्या खिशात देण्यासाठी काढलेले पैसे असले की त्याला ते खर्चावेसे वाटतात, हा अनुभव नवीन होता. म्हणालो, उघडलाच आहे तर कोअर, म्हणजे मधला गाभा, काढू, बेअरिंगं घालू, सील घालू, बॅलन्सिंग करून घेऊ. मिस्त्रींनी हात पुसले. टर्बोतला सील रबराचा नसतो, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक कडी असते, हे त्यांनी नखाएवढ्या कडीचा तुकडा दाखवून सांगितलं. ऑइल खाली निचरलं तरच तिचं चालतं. "मोरी तुंबली की न्हाणीत पानी साठतंय. तवा बादली बदलून काय उपेग? आदी इंजिनाचा श्वास बगू."

इंजिन चालू केलं. शिट्टी सुरू झाली. मी सवयीनं, "ही टर्बोची," म्हणालो. गाडी जाग्यावर उभी असताना टर्बो कशाला शिट्टी मारतोय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ऑइल टाकायच्या झाकणाला हात घातला. झाकण निघेना. आतून कुणी धरून बसल्यासारखं. दोन्ही हातांनी पिळून ओढलं तसं सुस्कारा सोडून ते निघालं, इंजिन अडखळलं, आणि शिट्टी बंद. झाकण बसवलं, शिट्टी चालू. काढलं, बंद.

"पीसीव्ही वॉल्व्हचा पडदा फाटलाय. त्यो वाजतोय."

इंजिनातली वाफ मोजून आत घेणारा, बशीएवढाही नसलेला एक रबरी पडदा. तो फाटला की इंजिन स्वतःच्याच पोटातली ऑइलची वाफ बेहिशोब ओढून जाळत बसतं. दोन महिने मी गावभर त्याची चीर ऐकवत फिरलो होतो. सासऱ्यांनी रोग बरोबर सांगितला होता, वायसर.

पडद्यासकट वॉल्व्ह पाच हजारांत बसला. वहीतला आकडा नऊशेवरून साडेतीनशेवर आला. सकाळी चालू करताना अजून एक निळी फुंकर येते, ती वॉल्व्ह सीलची. हेड उतरवायचं काम आहे, दिवाळीनंतर बघू. सासऱ्यांना काही कळवलेलं नाही. बायकोनं कळवलंय.

गाडी आता चिडीचूप चालते. मेहुणा म्हणतो, पिकअप मेला. मला तसं वाटत नाही, पण सिग्नलला उभं राहिलं की कान उगाच काहीतरी शोधतात.

परवा रंकाळ्यावर मक्याचं कणीस खात होतो. शेजारी तसलीच एक गाडी येऊन लागली, आमच्यापेक्षा लालभडक. विशीतलं पोरगं माझ्या गाडीकडं बघून ओळखीचं हसलं, काच खाली केली आणि म्हणालं, "काका, ऐका. टर्बो."

बारीक, गोड शिट्टी. मी कणीस खाली ठेवलं, खिडकीशी वाकलो आणि विचारलं, "ऑइल किती टाकतोस?"

त्याचं हसू गेलं. "काका, हळू बोला की. मागं पप्पा बसल्यात."