खुलासा : इंग्रजी ‘अर्थ’ संस्कृतातून गेलेला नाही

‘पृथ्वीला इंग्रजीत अर्थ म्हणतात, तो शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला’ असा मेसेज पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. चूक माझी, माफ करा. नंतर व्युत्पत्तिकोश उघडला.

हा शब्द जुन्या इंग्रजीतला. जर्मन ‘एर्डे’, डच ‘आर्डे’ ही त्याची भावंडं. आधी माती, जमीन. ग्रहाचं नाव नंतर. वायरमन करतो ते ‘अर्थिंग’ म्हणजे तीच जमीन. शिवाय एकाच मुळाच्या शब्दांत इंग्रजी ‘थ’समोर संस्कृतात ‘त’ येतो : थ्री-त्रि, थिन-तनु. म्हणजे नातं असतं तर संस्कृतात ‘थ’ नाही, ‘त’ दिसला असता.

कौटिल्याने मनुष्यवस्तीच्या भूमीला ‘अर्थ’ म्हटलंय, हे खरं. पण तेवढ्याने नातं जुळत नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.