ऑस्टिओपॅथकडे पहिल्यांदा जाताना

पाठीत उसण भरली की आमच्या गावी पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेत. लंडनमध्ये ती सोय नसल्यामुळे मी गेल्या हिवाळ्यात ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे सांधे आणि स्नायू हातांनी हाताळून उपचार करणाऱ्याकडे, गेलो. त्यासाठी जीपीची, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही, मात्र पैसे बहुधा पदरचेच मोजावे लागतात. ब्रिटनमध्ये १९९३च्या कायद्यानुसार जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही आणि ही नोंदणी घरबसल्या तपासता येते. ती न तपासता जाऊ नये.

माझी पहिली भेट पाऊण तासाची होती आणि त्यातली पहिली वीस मिनिटे त्यांनी मला हातही लावला नाही. दुखणे केव्हा सुरू झाले, रात्री झोपेतून जाग येते का, वजन विनाकारण घटले आहे का, कोणती औषधे चालू आहेत, लघवीवरचा ताबा सुटतो का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा जाणवतो का, असे प्रश्न ते एकामागून एक विचारत होते. ‘पैसे देऊन नुसत्या गप्पाच मारल्या’ अशी तक्रार माझ्या परिचयातले अनेकजण करतात. मला मात्र त्या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. लघवीचा आणि बधिरपणाचा प्रश्न मणक्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंवर दाब आला आहे का हे ताडण्यासाठी असतो, आणि तशी शंका आल्यास रुग्णाला मालिशीच्या टेबलावर न घेता ताबडतोब इस्पितळात पाठवावे लागते. म्हणूनच आईला किंवा सासूबाईंना नेताना मुलाने दुभाषा म्हणून बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलादेखत त्या या प्रश्नाला ‘सगळे ठीक आहे’ एवढेच उत्तर देतील.

त्यानंतर तपासणी होते, आणि तिच्यासाठी अंतर्वस्त्रांखेरीज कपडे उतरवण्यास सांगितले जाऊ शकते, याची आपल्याकडच्या माणसांना पूर्वकल्पना नसते. सैल अर्धी चड्डी नेता येते, अंगावर टॉवेल मागता येतो, सोबत कोणी असावे असे म्हणता येते आणि नकोही म्हणता येते. वाकवून, वळवून, हातोडीने गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहून झाल्यावर त्यांनी आपला अंदाज सांगितला, संमती विचारली आणि मगच उपचार केले, तेही जेमतेम दहा मिनिटे.

उपचार करताना सांध्यातून जो ‘कट्’ आवाज येतो, तो हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. मानेला झटका देण्याच्या प्रकारात क्वचित रक्तवाहिनीला गंभीर इजा होऊ शकते, हे त्यांनी न विचारता सांगितले आणि मी मानेला नकार दिला. त्याचा त्यांना राग आला नाही, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथेच बसला.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकले. एक-दोन दिवस असे होते, हे आधी सांगितलेले असल्याने घाबरलो नाही. निघताना किती भेटी लागतील असे मी विचारले होते. ‘तीन, फार तर चार, तोवर उतार पडला नाही तर जीपीकडे जा, माझ्याकडे येऊ नका,’ असे उत्तर मिळाले, आणि सोबत रोज घरी करायचे दोन व्यायाम.